बैल दिसल्यानंतर

मागच्या पावसाळ्यात एका व्याख्यानाला गेलो होतो. विषय होता आदिमानवाची चित्रकला. बाहेर धो धो पाऊस, सभागृहात ओल्या छत्र्यांचा कुबट वास आणि पडद्यावर एकामागून एक गुहा. वक्ते रंगात आले होते. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेची गोष्ट त्यांनी सांगितली, सगळेच सांगतात तशी, दीड-दोन मिनिटांत. सौतुओला नावाचे एक स्पॅनिश जमीनदार गुहेत माती उकरत बसले होते, सोबतच्या आठ वर्षांच्या लेकीनं मान वर केली आणि ओरडली, "बाबा, बैल!" बाबांनी जगाला सांगितलं, की छतावरची ही चित्रं आदिमानवाची; जगानं त्यांना लबाड ठरवलं, ते तसेच वारले, आणि मग चौदा वर्षांनी फ्रेंच पंडितांनी माफी मागितली. एवढं सांगून वक्त्यांनी त्या पंडितांचे एकेक तर्क ऐकवायला घेतले. ही चित्रं म्हणजे स्पॅनिश जेझुइट पाद्र्यांचा डाव असावा, असा एकाला संशय होता, हे ऐकल्यावर हशा पिकला. माझ्या शेजारचे गृहस्थ तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "दीडशहाणे लेकाचे!"

रिक्षात बसल्यावर तो हशा डोक्यातून जाईना.

फ्रेंच पंडितांचा कैवार घ्यायची मला काही हौस नाही. पण आपण हसलो ते उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळे, ही गोष्ट बोचत राहिली. १८८० साली मी त्या पंडितांच्या जागी असतो तर काय म्हटलं असतं? घर नाही, शेती नाही, मातीचं मडकंसुद्धा नाही, असा दगड तासून पोट भरणारा माणूस. आणि त्याच्या गुहेच्या छतावर पाय दुमडून बसलेला असा बायसन, की आज कलाशाळेत शिकणाऱ्या मुलानंही त्या गुडघ्याची घडी दोनदा खोडावी. मीही म्हटलं असतं की काहीतरी घोळ आहे. शिवाय त्या दोन मिनिटांच्या गोष्टीत आणखी एक गोम आहे. मुलगी बघते, जग शिव्या देतं, पंडित माफी मागतात. मधला माणूस फक्त दुःख भोगतो. त्यानं केलं काय, हे कुणी सांगतच नाही.

काही वर्षांपूर्वी बिल्बाओला भाच्याकडे राहिलो होतो, तेव्हा त्याच्या गाडीनं अल्तामिराला गेलो होतो. स्पेन म्हटल्यावर डोळ्यासमोर येणारं ऊन आणि ऑलिव्हच्या बागा उत्तरेकडे भेटत नाहीत. तिथं झिमझिम पाऊस, चरणाऱ्या गाई, दगडी कुंपणं, आणि डोंगरउतारांवर नीलगिरीच्या लागवडी. काच खाली केली की तो ओला, औषधी वास आत येतो. भाच्यानं सांगितलं, ही झाडं या भागात आणली तीही म्हणे सौतुओलांनीच. मला मोठी गंमत वाटली. हे गृहस्थ सान्तांदेरचे, जन्म १८३१चा, शिक्षण कायद्याचं, जमीनजुमला बक्कळ; पुएन्ते सान मिगेलच्या घरी पुस्तकं, जीवाश्म, खनिजं, जुनी नाणी यांचा साठा. सगळ्यात थोडं थोडं लक्ष घालणारा एकोणिसाव्या शतकातला हौशी माणूस. त्यांनी लावलेली झाडं कुणी खोटी म्हटली नाहीत, ती डोंगरभर पसरली, आणि आता पर्यावरणवाले त्यांच्या नावानं बोटं मोडतात. जे सापडल्याचं त्यांनी सांगितलं, त्याच्यावर मात्र कुणाचा विश्वास बसेना.

सांतियाना देल मार या गावात फरसबंदी गल्ल्या आहेत, आणि तिथं दुकानातून दुधाचा ग्लास आणि सोबत जाडजूड केकचा तुकडा देतात. तो खाऊन आम्ही टेकडीवर गेलो. खरी गुहा बंद. शेजारी २००१ मध्ये उघडलेलं संग्रहालय आहे आणि त्यात गुहेची प्रतिकृती. छताची नक्कल पेद्रो साउरा आणि मातिल्दे मुस्किस या कलावंत जोडप्यानं केली, तीही त्याच जातीचे रंग वापरून, त्याच क्रमानं. वातानुकूलित, सरळ उभं राहता येईल असं, गटागटानं बघायचं. मी आत शिरलो तो सांधे शोधायच्या इराद्यानं. कुठे तुकडे जोडलेत, कुठे चकाकतंय. मग माहिती सांगणाऱ्या बाईंनी हातातला दिवा बाजूला नेला आणि छताच्या एका फुगवट्यावर काढलेल्या बायसनचं पोट वर आलं. तो फुगवटा दगडाचाच, चित्रकारानं तो हेरून जनावर त्याच्यात बसवलेलं. काळ्या कोळशाची रेघ, आत गेरूचा तांबडा, मधेच रंग पुसून काढलेला उजेड. अठरा मीटर लांब, नऊ मीटर रुंद छत आणि त्यावर अशी बरीच जनावरं, दीड दीड मीटरची. एका टोकाला सव्वादोन मीटरची हरिणी. मी गप्प झालो, आणि खोट्या छताखाली गप्प व्हावं लागलं याचा थोडा रागही आला.

बाहेर आल्यावर कळलं ते असं, की खऱ्या गुहेत सौतुओलांच्या वेळी असं उभं राहताच येत नव्हतं. छत कुठे पुरुषभर उंच, कुठे जेमतेम कमरेच्या वर. दिवाळीचा आकाशकंदील काढायला आपण माळ्यावर चढतो आणि कमरेत वाकून, डोकं सांभाळत, नजर पायाशी ठेवून सरकतो, तसं तिथं मोठ्या माणसाला सरकावं लागे. पुढे प्रेक्षकांना उभं राहता यावं म्हणून खालची जमीन खोदून वाट खोल केली. म्हणजे आठ वर्षांच्या मारियाला जे दिसलं ते तिच्या तीक्ष्ण नजरेइतकंच तिच्या उंचीमुळे दिसलं. ती तिथं ताठ उभी राहू शकत होती, बाप नव्हता.

पण बाप त्याआधी तिथं येऊन गेला होता, आणि माझं मन अडकलं ते इथं.

गुहा सापडली १८६८ मध्ये. मोदेस्तो कुबियास नावाचा, कौलं भाजणारा, सौतुओलांच्या जमिनीवर राबणारा माणूस शिकारीला गेला होता. त्याचं कुत्रं खडकांच्या फटीत अडकलं, ते सोडवायला त्यानं दगड हलवले आणि खाली पोकळी निघाली. साधारण तेरा हजार वर्षांपूर्वी तोंडाशी दरड कोसळून ती गुहा बुजली होती. कुबियासनं मालकाला सांगितलं. मालकानं ऐकून घेतलं. त्या चुनखडीच्या मुलुखात गुहांना तोटा नाही, त्यामुळे कुणी धावत गेलं नाही. १८७५च्या सुमारास सौतुओला स्वतः आत जाऊन आले. आतल्या भिंतींवर त्यांना काही काळ्या खुणा दिसल्या. दिसल्या, पण त्यांचं काय करायचं ते समजलं नाही, म्हणून त्या तिथंच राहिल्या. मला हा तपशील त्या 'बाबा, बैल'पेक्षा कितीतरी आवडतो. डोळे तेच, दिवा तसाच, गुहा तीच. आणि तरी काही घडत नाही.

मग १८७८ मध्ये ते पॅरिसला जागतिक प्रदर्शन बघायला गेले. तिथं काचेच्या कपाटांत फ्रान्समधल्या गुहांतून निघालेल्या वस्तू मांडल्या होत्या. गारगोटीची हत्यारं, हाडांच्या सुया, आणि हाडांवर, शिंगांवर कोरलेली जनावरं, हातात मावतील एवढी. या छोट्या वस्तू खऱ्या आहेत, हिमयुगातल्या आहेत, हे तोवर फ्रेंच विद्वानांनी मान्य केलेलं होतं. मी कल्पना करतो, सेहेचाळीस-सत्तेचाळिशीचा एक प्रांतातला जमीनदार, अंगात चांगला कोट, हातात टोपी, काचेला नाक लावून बराच वेळ उभा आहे. बाहेर विजेचे दिवे, यंत्रं, सगळं नवं नवं बघायला पॅरिस लोटलेलं, आणि हा हाडावरची रेघ बघतोय. परतल्यावर १८७९ मध्ये ते पुन्हा अल्तामिराला गेले, या खेपेला फावडं घेऊन. तोंडाशी त्यांनी रीतसर उकरायला सुरुवात केली. हाडं, शिंपले, गारगोट्या, टोचण्या निघत होत्या, सगळी नजर मातीत. लेक कंटाळून दिवा घेऊन आत गेली असेल. पुढचं ठाऊकच आहे.

मारियाला बैल दिसले, कारण तिला बैल माहीत होते. गाईगुरांच्या मुलुखातली पोर. ते बैल नव्हेत, त्या डोंगरांतून केव्हाच संपून गेलेले बायसन आहेत, हे तिला कळायचं कारण नव्हतं, आणि ते किती जुने, हा प्रश्न तर आठ वर्षांच्या मुलीला पडतच नाही. ती बरोबर होती, पण तिच्या बरोबर असण्यातून पुढे काही निघत नव्हतं. 'बैल' पासून 'हिमयुगातल्या माणसानं काढलेले बायसन' इथपर्यंतचा रस्ता बापाला एकट्याला चालायचा होता. लेकीचं नाव मोठं करण्याच्या ओघात हल्ली हा रस्ताच गाळला जातो, आणि मला ते खटकतं. मुलीनं शोधलं, बापानं श्रेय घेतलं, अशा थाटातलं काहीबाही वाचायला मिळतं. मारियाचं श्रेय मारियाला द्यावंच. पण बघणं एका क्षणाचं काम आहे, आणि त्यानंतरचं काम महिन्यांचं होतं.

ते काम म्हणजे १८८० मध्ये सान्तांदेरला छापलेली एक पातळ पुस्तिका. शीर्षकच 'काही थोडक्यात टिपणं' अशा धाटणीचं, आणि विषय प्रांतातल्या प्रागैतिहासिक वस्तू. पानं तीसही नाहीत. अल्तामिरा हा त्यातला एक भाग, बाकी इतर गुहांतल्या सापडलेल्या गोष्टी. आपण केवळ हौशी, आपलं ज्ञान तोकडं, असा सूर सुरुवातीपासून. आणि मग हा हौशी माणूस जी मांडणी करतो ती बघण्यासारखी आहे. तो छतावरच्या चित्रांपासून सुरुवात करत नाही. तो जमिनीपासून वर जातो. खालच्या थरात काय काय निघालं ते आधी सांगतो. या वस्तू फ्रान्समधल्या जुन्या अश्मयुगीन वस्तूंशी जुळतात, हे दाखवतो. मग वर बघतो. काढलेली जनावरं या भागात आज नाहीत. लागलेला रंग म्हणजे गेरू, आणि तो या प्रांतात सहज सापडतो, फारसा खटाटोप न करता वापरता येतो. आणि त्या काळच्या माणसाला असं रेखाटता येत होतं का, तर हो. हाडांवर कोरलेली जनावरं सगळ्यांनी मान्य केलीच आहेत. जो हातात मावणाऱ्या हाडावर इतकं अचूक कोरतो, तो छतावर का काढणार नाही? एवढं म्हणून तो थांबतो. पुढचा निकाल अधिक जाणत्यांनी लावावा, असं सुचवून बाजूला होतो.

ही मांडणी मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा बराच वेळ अस्वस्थ होतो. आज दीडशे वर्षांच्या शोधांनंतर यातलं जवळपास काही बदलावं लागत नाही. बायसनचं वय साधारण चौदा-पंधरा हजार वर्षं निघालं, काही खुणा तर पस्तीस हजार वर्षांपलीकडच्या. पण तर्काचा सांगाडा तोच. आणि हे एका माणसानं केलं, ज्याला कुणी या विषयात पदवी दिली नव्हती, ज्याच्यामागे कुठलं विद्यापीठ नव्हतं.

विद्यापीठ त्यांच्या मदतीला आलं ते हुआन विलानोवांच्या रूपानं. हे माद्रिदचे प्राध्यापक, भूशास्त्र आणि जीवाश्मशास्त्राचे जाणकार. गुहा बघून त्यांची खात्री पटली आणि १८८०च्या लिस्बनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी विषय मांडला. फ्रेंच मंडळींनी कानावर घेतलं नाही. त्यात त्या काळी या शास्त्रातलं मोठं नाव, एमील कार्ताइयाक हेही होते. जेझुइटांच्या डावाची शंका होती गाब्रिएल द मॉर्तिए यांची. त्यांनी कार्ताइयाकना पत्र लिहून सावध केलं. आता यात हसण्यासारखं आहेच. पण मॉर्तिए हा चर्चशी उभा दावा मांडलेला माणूस. समोरचे विलानोवा कॅथलिक, डार्विनच्या विरोधात बोलणारे. अशा माणसानं येऊन सांगावं, की तुमचा रानटी आदिमानव पहिल्यापासूनच थोर चित्रकार होता, तर मॉर्तिएच्या कानात धोक्याची घंटा वाजणारच. उत्क्रांतीची पायरी पायरीची शिडी नुकती उभी राहत होती, आणि हे लोक सर्वांत खालच्या पायरीवर एक उत्तम चित्र ठेवत होते. चुकीचा माणूस खरी गोष्ट सांगत असला की ती खोटी वाटते, हा अनुभव आपल्याकडेही रोजचाच.

पण खरी गंमत एदुआर आर्ले या फ्रेंच अभ्यासकाची. हा मनुष्य घरबसल्या बोलणाऱ्यांतला नव्हता. १८८१ मध्ये तो अल्तामिराला गेला, आत शिरला, बारकाईनं पाहिलं. छतावर काजळी नाही, हे त्यानं टिपलं. अंधाऱ्या गुहेत चित्रं काढायची तर मशाली हव्यात, मशाली म्हणजे धूर, मग धूर कुठाय? रंग ताजा वाटतो, बोटाला लागतो. कष्टानं तपासून, पूर्ण प्रामाणिकपणे त्यानं निष्कर्ष काढला, की चित्रं अलीकडची आहेत, सौतुओलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या भेटीच्या मधल्या काळातली. 'तोंडाळ पंडित प्रत्यक्ष बघायला गेले नाहीत म्हणून चुकले' हे आपल्याला आवडणारं तात्पर्य आर्लेजवळ येऊन ठेचकाळतं. तो गेला होता. त्यानं पाहिलं होतं.

संशयाला माणूसही मिळाला. सौतुओलांनी चित्रांच्या नकला करायला पॉल रातिए नावाच्या फ्रेंच चित्रकाराला बोलावलं होतं. तो मुका होता. झालं, नकला करणाऱ्यानंच अस्सल रंगवलं, अशी कुजबुज. ज्याला बोलून खुलासा करता येत नाही असा आरोपी मिळणं म्हणजे गप्पांना पर्वणीच. आणि नाकारणारे फक्त फ्रेंच होते असंही नाही. माद्रिदला निसर्ग-इतिहास मंडळात १८८६ मध्ये एउखेनियो लेमुस यांनी, जे तिथल्या राष्ट्रीय मुद्राचित्रशाळेचे प्रमुख होते, ही चित्रं प्राचीन नाहीत असंच ठासून सांगितलं. घरचा आहेर तो हाच. सौतुओला १८८८ मध्ये वारले, छप्पन्न वर्षांचे असताना. विलानोवा त्यांच्यामागून पाच वर्षांनी गेले.

आणि मग काय झालं? कुणी अल्तामिराला जाऊन नव्यानं बघितलं का? मुळीच नाही. १८९५ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये ला मूत नावाची गुहा उघडली. तिथं भिंतीवरचं कोरीव काम दगडयुगातल्या मातीच्या थरांनी अर्धवट गाडलेलं होतं, म्हणजे कुणी काल येऊन करणं शक्यच नव्हतं. त्याच गुहेत १८९९ मध्ये एक दगडी दिवा मिळाला, खाली रानबोकडाचं डोकं कोरलेला. चरबीचा दिवा, मशाल नव्हे. आर्लेच्या काजळीचं उत्तर असं अठरा वर्षांनी एका दुसऱ्याच देशातल्या मातीतून निघालं. १९०१ मध्ये कोंबारेल आणि फाँ-द-गोम, दोन्ही एकाच महिन्यात. फ्रान्सच्या गुहांतून रंगीत जनावरं बाहेर पडायला लागली, तसा स्पेनमधला गुन्हा आपोआप धुऊन निघाला.

निओ नावाच्या फ्रेंच गुहेचं उदाहरण तर आणखी पुढचं. तिथं १८६०च्या दशकात फेलिक्स गारिगू या संशोधकानं आपल्या वहीत नोंद केली होती, भिंतीवर चित्रं आहेत, ही कसली असतील बरं? आणि वही मिटली. त्या चित्रांना मान्यता मिळाली ती १९०६ मध्ये. गारिगू काही आंधळा नव्हता. त्याच्याकडे फक्त पॅरिसमधलं ते काचेचं कपाट नव्हतं.

कार्ताइयाकचा माफीनामा १९०२चा. एका संशोधन नियतकालिकात, 'एका संशयवाद्याची कबुली' अशा अर्थाच्या मथळ्याखाली. वीस वर्षांपूर्वीच्या चुकीत आपण सामील होतो, अन्याय झाला, तो उघड कबूल केला पाहिजे, असं त्यात सरळ लिहिलं आहे. अशी कबुली छापून द्यायला हिंमत लागते, ती मी नाकारत नाही. पण मला त्यातली एक गोष्ट फार गमतीची वाटते. हा लेख छापून आला तेव्हाही कार्ताइयाकनी अल्तामिरा पाहिलेली नव्हती. ते त्या वर्षीच्या शरद ऋतूत पहिल्यांदा गेले, सोबत पंचविशीतला तरुण अभ्यासक आँरी ब्रेय. मारिया तेव्हा मोठी झाली होती, तिला भेटून त्यांनी तोंडी माफीही मागितली असं सांगतात. ब्रेय मग आत आठवडे राहिला. जमिनीवर गवत भरलेली पोती, त्यावर उताणा पडून, मेणबत्त्यांच्या उजेडात, वर बघत तो नकला करायचा. ओलीमुळे जलरंग वाळत नव्हते म्हणून खडू वापरले. मान आणि पाठ यांचं काय झालं असेल ते ज्यानं एकदा घरच्या छताला रंग दिलाय त्यालाच कळेल. त्याच्या नकला १९०६ मध्ये मोनॅकोहून छापलेल्या जाडजूड ग्रंथात आल्या आणि अल्तामिराची कीर्ती त्यांनीच जगभर केली. सौतुओलांच्या पातळ पुस्तिकेवर मग कुणाला फारसं थांबायचं कारण उरलं नाही.

हे सगळं डोक्यात घोळत असताना मला आपल्याकडचा आर्चिबाल्ड कार्लाइल आठवत राहतो. पुरातत्त्व खात्यातला हा इंग्रज माणूस १८६७-६८ मध्ये मिर्झापूरच्या बाजूला, विंध्याच्या कुशीत भटकत होता. सोहागीघाटाजवळच्या खडकांच्या आडोशाला त्याला तांबडी चित्रं दिसली, आणि खाली बारीक गारगोटीची पाती, गेरूचे झिजलेले तुकडे. त्यानं ताळा जुळवला, की ही चित्रं फार जुनी असणार. म्हणजे ज्या वर्षी कुबियासचं कुत्रं फटीत अडकलं, त्याच सुमारास आपल्याकडे एकाला दिसलंही होतं आणि पटलंही होतं. पण कार्लाइलनं ते छापलं नाही. त्याची टिपणं कुणा ओळखीच्याकडे पडून राहिली आणि त्यातला काही भाग छापून आला १९०६ मध्ये. सौतुओलांना निदान शिव्या मिळाल्या. कार्लाइलला त्याही मिळाल्या नाहीत, आणि माझ्या मते शिव्या बऱ्या. पुढे १९५७ मध्ये उज्जैनचे हरिभाऊ वाकणकर आगगाडीच्या खिडकीतून भीमबेटकाचे खडक बघून उतरले आणि पायी तिकडे गेले, तेव्हा त्यांना कुणी खोटारडे म्हटलं नाही. स्वतः चित्रकार असूनही 'तिथली चित्रं तुम्हीच काढली असतील' असं कुणाच्या मनात आलं नाही. ती सोय १८८० ते १९०२ या बावीस वर्षांत दुसऱ्या कुणीतरी किंमत मोजून करून ठेवली होती.

भीमबेटका मी दोनदा पाहिलंय. तिथं उजेड असतो, माकडं असतात, शाळेच्या सहली असतात. एक मुलगा हत्तीकडे बोट दाखवून बाईंना हत्ती म्हणाला, बाई "हो, रांगेत चला" म्हणाल्या. असो.

मारियाचं पुढे काय झालं, हे मला बिल्बाओत भाच्यानं सांगितलं तेव्हा आधी खरं वाटेना. तिचं लग्न बोतीन घराण्यात झालं, सान्तांदेर बँकेच्या घराण्यात. तिच्या मुलाच्या, नातवाच्या लांबलचक नावांत 'सान्स दे सौतुओला' हे आडनाव जोडलेलं राहिलं. म्हणजे आज जगभर लाल पाटी घेऊन उभी असलेल्या त्या बँकेचे कर्तेधर्ते, बैल बघणाऱ्या पोरीचे वंशज. भाच्याचा पगारही त्याच बँकेत जमा होतो. ते सांगताना त्याला का कोण जाणे, फार अभिमान वाटत होता.

परतीच्या वाटेवर आमचं वाजलं ते मात्र वेगळ्याच गोष्टीवरून. खरी गुहा बंद का, तर माणसांमुळे. १९७०च्या दशकात वर्षाला दीड लाखांहून जास्त माणसं आत जायची. एवढ्या माणसांचा श्वास, घाम, अंगाची ऊब, कपड्यांवरचे जंतू, दिव्यांचा उजेड, याने छतावरचं रंगाचं पापुद्र्याइतकं अस्तर धोक्यात आलं. १९७७ मध्ये दार लावलं, १९८२ मध्ये थोड्या माणसांसाठी उघडलं, २००२ मध्ये पुन्हा बंद. मग २०१४ पासून आठवड्याला पाच माणसं, सोडत काढून, अंगभर पांढरे कपडे घालून, सदतीस मिनिटं. हे पुन्हा उघडणं शास्त्रज्ञांपैकी बऱ्याच जणांना पसंत नव्हतं आणि मलाही नाही. तेरा हजार वर्षं दरडीनं जे सांभाळलं ते आपण शंभर वर्षांत नासवलं; आता ही पाच माणसांची हौस कशाला? छायाचित्रं आहेत, मोजमापं आहेत, प्रतिकृती आहे, माझ्यासारख्याला गप्प करण्याइतकी चांगली. मी म्हटलं, सोडतसुद्धा बंद करा आणि कुलूप घाला.

भाचा तापला. "मामा, तू असं कसं म्हणतोस? पाच माणसांनी काय बिघडतंय? आणि कुणी बघायचंच नाही तर ती गुहा खरी आहे की नाही, हे पुढच्यांना पटायचं कसं?"

"कार्ताइयाकला पटलंच की, न बघता."

त्यानं गिअर बदलला. "आणि त्याआधी वीस वर्षं न बघताच नाकारत होता, ते?"